इंजेक्शन मिळालं, जीव वाचला, मग पोटरी का गेली? सापाचं विष स्नायूत नेमकं काय करतं

पावसाळा लागला की आपल्या नाशिककडे हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. दिंडोरीच्या द्राक्षबागेत गवत काढताना, निफाडला कांद्याच्या चाळीत हात घालताना, इगतपुरी त्र्यंबककडे भाताच्या आवणीत, कुणाला ना कुणाला घोणस चावते. घरचे धावपळ करून दवाखान्यात नेतात, सापाचं इंजेक्शन मिळतं, विषामुळे गोठेनासं झालेलं रक्त पुन्हा नीट गोठायला लागतं, माणूस वाचतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि मग चार-आठ दिवसांनी पोटरीवरची कातडी काळी पडते, खालचं मांस मेलेलं निघतं, ते काढावं लागतं, मांडीची कातडी आणून तिथे लावावी लागते. मग घरात एकच चर्चा, की इंजेक्शनच डुप्लिकेट असेल नाहीतर डॉक्टरने हयगय केली असेल.

माझं काम हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमधलं, म्हणजे शरीरातला तुकडा आला की त्याच्या स्लाइड बनवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली लावायच्या. अशा केसमधलं मेलेलं मांस टेबलावर येतं तेव्हा मला दरवेळी वाटतं की हे नातेवाइकांना कुणीतरी शांतपणे बसून समजावून सांगायला हवं होतं, कारण बहुतेक वेळा इंजेक्शन खरंच असतं आणि डॉक्टरने ते दिलेलंही बरोबर असतं. स्नायूचं नुकसान मात्र त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. हे आपल्याला ठामपणे सांगता येतं ते प्रयोगशाळेतल्या उंदरांमुळे, आणि म्हणून हा लेख जरा उंदरांबद्दलही आहे.

आधी स्नायू म्हणजे काय ते बघू. पोटरीचा स्नायू म्हणजे हजारो लांब लांब धाग्यांचा गठ्ठा, प्रत्येक धागा ही एकच पेशी, तिला आपण फायबर म्हणू. त्या फायबरभोवती एक पातळ पडदा असतो, तो फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा बनलेला. पडद्याच्या बाहेर कॅल्शियम भरपूर, आत अगदी नगण्य, फरक साधारण दहा हजार पटीचा. गंगापूर धरण तुडुंब भरलेलं असताना खाली गोदावरीचं पात्र कोरडं असावं आणि मधे फक्त दरवाजे असावेत तसं हे आहे, दरवाजे ठरल्यावेळी ठरल्याइतकेच उघडले तर शेतीला पाणी मिळतं आणि भिंतच फुटली तर रामकुंडापासून पुढे सगळं वाहून जातं. स्नायू आकुंचन पावतो तो याच कॅल्शियमच्या मोजून केलेल्या हालचालीवर. त्यामुळे पडदा फुटणं ही स्नायूसाठी सगळ्यात वाईट गोष्ट, आणि सापाचं विष बरोबर तिथेच जातं.

विष म्हणजे एक पदार्थ नाही, डझनावारी प्रोटीनचं मिश्रण आहे ते, आणि सापाच्या जातीप्रमाणे ते बदलतं. स्नायूच्या दृष्टीने त्यातलं मुख्य नाव म्हणजे फॉस्फोलिपेज ए-टू. नावाला घाबरू नका, पुढे मी त्याला पीएलए-टू म्हणणार आहे. साधारण १२० अमिनो आम्लांचं छोटंसं एन्झाइम, आपल्या शरीरातही याचे भाऊबंद असतात, पचनासाठी लागतात. हे एन्झाइम पडद्यातला फॉस्फोलिपिडचा रेणू एका ठरावीक जागी कापतं, त्यातून दोन तुकडे सुटतात, एक मोकळं फॅटी अ‍ॅसिड आणि दुसरं लायसोफॉस्फोलिपिड, आणि हे दोन्ही तुकडे स्वतःच पडद्याला आणखी सैल करतात. म्हणजे कापलं ते कापलंच, वर कापल्यानंतर उरलेला मालही नुकसान करत बसतो.

पडदा फाटला की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. आत घुसलं की फायबरमधली आकुंचन पावणारी प्रोटीनं एकदम आवळतात, इतकी की काही ठिकाणी त्यांचे घट्ट गोळे होतात आणि शेजारी रिकाम्या जागा पडतात. त्याच वेळी कॅलपेन नावाची प्रोटीन कापणारी एन्झाइमं जागी होतात, ती एरवी कॅल्शियम कमी असल्याने गप्प असतात, ती आतलाच सांगाडा तोडायला लागतात. मायटोकाँड्रिया कॅल्शियम शोषून शोषून फुगतात आणि एनर्जी बनवणं बंद करतात. एनर्जी नाही म्हणजे कॅल्शियम परत बाहेर फेकणारे पंपही बंद. इथून पेशी मागे फिरत नाही. आणि हे सगळं व्हायला दिवस लागत नाहीत बरं का, उंदराच्या स्नायूत इंजेक्शन दिल्यावर मिनिटांत सुरू होतं आणि काही तासांत बहुतेक काम आटोपलेलं असतं.

हे स्लाइडवर कसं दिसतं ते मला सांगायचंच आहे. उंदराच्या पोटरीचा निरोगी स्नायू आडवा कापून रंगवला की गुलाबी रंगाचे अनेक कोनांचे तुकडे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात आणि प्रत्येकाच्या काठाला निळसर जांभळे बारीक ठिपके, ते न्यूक्लियस, एकदम कडेला, मधे कुठेच नाहीत. विष दिल्यावर लवकर घेतलेल्या नमुन्यात काही फायबरच्या कडेला फिकट त्रिकोणी डाग दिसतात, रुंद बाजू पडद्याकडे आणि टोक आत, याला डेल्टा लिजन म्हणतात. तो त्रिकोण म्हणजे पडदा फाटला ती जागा आणि तिथून कॅल्शियम आत पसरत गेल्याची खूण. थोड्या वेळाने बघितलं तर अख्खं फायबर फिकट, आत गडद गुलाबी ढेकळं, फायबर एकमेकांपासून लांब सरकलेले, मधे सूज आणि पांढऱ्या पेशींची गर्दी. मेलेला स्नायू ओळखायला मग एक्स्पर्ट लागत नाही.

आता या पीएलए-टूच्या घराण्यात एक विचित्र गोष्ट सापडली. एन्झाइम चालायला त्याच्या ४९व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल लागतं, तिथे कॅल्शियम बसतं आणि मग कापाकापी होते. पण काही सापांच्या विषात त्या जागी लायसिन असतं, म्हणजे एन्झाइम म्हणून ते निकामी, एकही फॉस्फोलिपिड कापू शकत नाही, आणि तरीही ते उंदराच्या स्नायूत टोचलं की स्नायू मरतो. मग कळलं की त्या प्रोटीनचं एक टोक थेट पडद्यात घुसून त्याला विस्कळीत करतं, कापायची गरजच नाही. हे प्रकार मुख्यतः पिट वायपरमध्ये मिळतात, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडा ज्या मोठ्या गटातला आहे तो गट. यावरचं सगळ्यात खोल काम मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या छोट्या देशात झालं, तिथल्या क्लोदोमिरो पिकादो इन्स्टिट्यूटमध्ये, होसे मारिया गुटिएरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बोथ्रॉप्स अ‍ॅस्पर सापावर कित्येक दशकं काम केलं. केळीच्या आणि कॉफीच्या मळ्यातले मजूर तिथे चावले जातात, पाय गमावतात, आपल्या बागेतल्या मजुरांसारखीच गोष्ट. म्हणून मला त्यांचं काम परकं वाटत नाही. त्यांच्याच कामातून हेही दिसलं की हे दोन प्रकारचे पीएलए-टू एकत्र आले की नुकसान वाढतं, आणि फुटलेल्या फायबरमधून बाहेर सांडणारे पोटॅशियम आणि एटीपी (पेशीचं इंधन) शेजारच्या पेशींनाही त्रास देतात.

पण घोणस आणि फुरशाच्या विषात फक्त पीएलए-टू नसतं, दुसरा मोठा गट असतो मेटॅलोप्रोटिनेजचा, जस्ताचा अणू पोटात घेऊन काम करणारी एन्झाइमं. ही स्नायूला सोडून त्याच्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांना धरतात. केशवाहिनीच्या भिंतीला बाहेरून एक आधाराचा थर असतो, त्यातलं मुख्य प्रोटीन म्हणजे टाइप फोर कोलॅजन, ते हे एन्झाइम कापतं. मग भिंत कमकुवत झाल्यावर आतल्या रक्ताच्या दाबानेच ती ताणली जाते आणि फुटते. म्हणजे पहिली पायरी विषाची आणि दुसरी आपल्याच रक्तप्रवाहाची. उंदरात हे रक्तस्राव अक्षरशः काही मिनिटांत दिसतात. आता ज्या स्नायूची रक्तवाहिनीच फुटली त्याला ऑक्सिजन कुठून मिळणार, तो विषाने नाही तर उपाशी राहून मरतो. वरून हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम पेशींमधला चिकट पदार्थ पातळ करून बाकी सगळ्या विषाला पसरायला वाट करून देतं. घोणस चावल्यावर पाय मांडीपर्यंत सुजतो तो या सगळ्याचा मिळून परिणाम.

नागाचं वेगळं. नागाच्या विषात सायटोटॉक्सिन नावाची साठ-एक अमिनो आम्लांची छोटी प्रोटीनं असतात, ती पेशींच्या पडद्यात थेट भोकं पाडतात, सोबतीला पीएलए-टू असतं, म्हणून नाग चावला तर श्वास बंद पडायची भीती असतेच पण वाचलेल्या माणसाची बोटं किंवा तळपायाची कातडी आणि खालचं मांस बऱ्याचदा जातं. मण्यार मात्र चावलेल्या जागी जवळपास काहीच करत नाही, सूज नाही, दुखणं नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही, जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि पहाटे पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत असं सुरू होतं. आणि गंमत नाही, अभ्यासाची गोष्ट आहे, की मण्यारच्या विषातही पीएलए-टूच आहे, फक्त त्याची बांधणी अशी की ते मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसतं. स्नायू शाबूत, पण त्याला हुकूम पोचवणारी तार बंद. एकाच घराण्यातली प्रोटीनं, पत्ता वेगळा म्हणून परिणाम वेगळा. आणि कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणारे समुद्री साप याच्या उलट टोकाला, चावलेल्या जागी काही नाही पण अख्ख्या अंगातले स्नायू दुखतात, ताठरतात, मरतात.

आता हे सगळं उंदरात का बघायचं, काचेच्या डिशमध्ये पेशी वाढवून का नाही, असं विचारणारे बरेच असतात आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. डिशमध्येही बघतात. सी-टू-सी-ट्वेल्व्ह नावाच्या उंदराच्या स्नायूपेशी जगभरच्या लॅबमध्ये वाढवतात, त्यावर एखादं विष पेशीचा पडदा फोडतं की नाही हे उत्तम कळतं. कोंबडीच्या पिल्लाच्या मानेचा एक स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून द्रावणात टांगून ठेवतात आणि त्यावर मण्यार किंवा नागाच्या विषाचा परिणाम मोजतात, ती पद्धत १९६०पासून चालत आलीये. पण डिशमधल्या पेशीला रक्तवाहिनी नसते, सूज येत नाही, पांढऱ्या पेशी धावून येत नाहीत, आणि वर सांगितलं तसं घोणसच्या बाबतीत अर्धी गोष्ट रक्तवाहिनीचीच आहे. ती डिशमध्ये घडतच नाही. म्हणून उंदीर लागतो.

प्रयोग साधारण असा असतो. वाळवून पावडर केलेलं विष सलाइनमध्ये विरघळवायचं, मोजून अगदी थोडं, उंदराच्या पोटरीच्या स्नायूत टोचायचं. काही उंदरांना फक्त सलाइन, नुसत्या सुईने किती इजा होते ते कळायला हवं ना, नाहीतर सगळं खापर विषावर फुटेल. मग काही तासांनी शेपटीतून थोडंसं रक्त घेऊन क्रिएटिन कायनेज मोजायचं. हे एन्झाइम निरोगी स्नायूच्या आतच असतं, रक्तात आलं म्हणजे पडदा फुटला, जितकं जास्त तितके जास्त फायबर फुटले. आपल्याकडे हार्ट अटॅकच्या तपासणीत सीके म्हणून जे पूर्वी सर्रास लिहून द्यायचे तेच हे. आणि मग स्नायूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, मेणात, चार-पाच मायक्रॉनचे काप, रंग, काचपट्टी, म्हणजे आमच्या लॅबमध्ये माणसाच्या तुकड्याचं जे होतं तेच.

यात प्राण्याला वेदना होतात आणि ते लपवून लिहिण्यात अर्थ नाही. भारतात असा प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आधी परवानगी लागते, वर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती, सीसीएसईए आहे, किती उंदीर आणि का, कमी करता येतील का, वेदनाशामक काय देणार, हे सगळं कागदावर द्यावं लागतं. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडलेलं तत्त्व आज सगळीकडे पाळायचं असतं, शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरलेच तर कमीत कमी, आणि त्रास कमीत कमी. विषाच्या प्रयोगात आधीच ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक देणं आता वाढत चाललंय, कारण ते दिल्याने निकाल बिघडत नाहीत असं तपासून झालंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या उंदराच्या स्नायूवरून आपण एका शेतमजूर बाईचा पाय वाचवायला शिकतो त्याला विनाकारण तडफडू द्यायचा कुणालाच हक्क नाही.

आता मूळ प्रश्नावर येते, इंजेक्शन मिळूनही पोटरी का गेली. याचं उत्तर दोन प्रकारचे प्रयोग शेजारी ठेवले की लख्ख कळतं. पहिल्या प्रकारात विष आणि अँटिव्हेनम, म्हणजेच ते सापाचं इंजेक्शन, आधी टेस्ट ट्यूबमध्ये एकत्र करतात, थोडा वेळ ठेवतात आणि मग ते मिश्रण उंदराला टोचतात. अँटिव्हेनम चांगलं असेल तर स्नायूला जवळपास काही होत नाही, सीके वाढत नाही, स्लाइड स्वच्छ. म्हणजे अँटिव्हेनममधल्या अँटिबॉडी त्या विषाला ओळखतात आणि बांधून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात आधी विष टोचतात आणि काही वेळ जाऊ देऊन मग शिरेतून अँटिव्हेनम देतात, म्हणजे खऱ्या आयुष्यात घडतं तसं. इथे उंदीर जगतो, रक्त गोठायला लागतं, पण स्नायूचं नुकसान थोडंच कमी होतं, आणि उशीर जितका जास्त तितका फायदा कमी. तेच औषध, तेच विष, तीच मात्रा, फरक फक्त वेळेचा.

दुसरं कारण आकाराचं. अँटिव्हेनम घोड्याच्या रक्तातून बनतं, घोड्याला हळूहळू वाढत्या मात्रेत विष टोचतात, त्याच्या अंगात अँटिबॉडी तयार होतात, त्या काढून शुद्ध करतात. भारतातलं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्र चालणारं असतं. या अँटिबॉडीचे तुकडे पीएलए-टूच्या सात-आठ पट मोठे. रक्तात फिरणारं विष ते लगेच पकडतात, म्हणून रक्तस्राव थांबतो आणि जीव वाचतो. पण विष टोचलं गेलंय मांसात, तिथे पोचायला त्यांना रक्तवाहिनीतून बाहेर पडून सुजलेल्या भागात शिरायचंय, आणि तिथल्या वाहिन्या तर फुटल्यात, दबल्यात, बुजल्यात. त्यात नागाच्या सायटोटॉक्सिनसारखी प्रोटीनं इतकी छोटी की घोड्याचं शरीर त्यांच्याविरुद्ध फारशा जोरदार अँटिबॉडी बनवतच नाही. आणि अजून एक गोष्ट, भारतातल्या अँटिव्हेनमसाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी सोसायटीकडून येतं, तर बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेमधल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवून दिलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं आणि तेच अँटिव्हेनम सगळीकडे सारखं चालत नाही. हे सुधारायला हवं, आणि लवकर.

म्हणून काय, तर इंजेक्शन घेऊ नका असं अजिबात नाही, उलट ते जितक्या लवकर तितकं पायासाठीही चांगलं. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून कुणाला आणायचं म्हणजे घाटरस्ता, त्यात आधी भगताकडे तास-दोन तास गेले तर तेवढ्यात पोटरीतलं काम झालेलं असतं. भगत वाईट माणूस असतो असं माझं म्हणणं नाही, गावात रात्री हाकेला धावून येणारा तोच असतो, पण त्याच्याकडे कॅल्शियम थांबवायचा उपाय नाही. काही ठिकाणी भगतांनाच समजावून त्यांच्याकडून पेशंट पुढे पाठवायचं काम करतात, ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आणि ते करकचून बांधणं. कृपा करून बांधू नका. घोणस किंवा फुरसं चावल्यावर मांडीला दोरी आवळली की विष त्याच जागी कोंडून राहतं, एन्झाइमं एकाच ठिकाणी काम करत बसतात, आणि वरून रक्तपुरवठाही बंद, म्हणजे विषाने जो स्नायू वाचला असता तोही मारायची सोय. ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, बर्फ लावणं, सगळं तसंच. पाय हलू न देता सरळ ठेवायचा, पट्टी किंवा बांबूचा आधार द्यायचा, पैंजण जोडवी सूज यायच्या आत काढायची, आणि गाडी काढायची. चालत नेऊ नका, चालताना स्नायू आकुंचन पावतो आणि विष पुढे ढकललं जातं.

मेलेला स्नायू परत येतो का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे खरंच आशेची गोष्ट आहे. १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांना बेडकाच्या स्नायूत फायबरला चिकटून झोपलेल्या छोट्या पेशी सापडल्या, त्यांना सॅटेलाइट सेल म्हणतात. फायबर मेला की पांढऱ्या पेशी येऊन आधी मलबा खातात, मग या सॅटेलाइट सेल जाग्या होतात, वाढतात, एकमेकींना जोडून नवा फायबर बनवतात. नुसतं शुद्ध पीएलए-टू दिलेल्या उंदरात आठवड्याभरात बारीक नवे फायबर दिसतात आणि चार आठवड्यांत स्नायू जवळपास पूर्ववत. स्लाइडवर ते सहज ओळखू येतात, कारण नव्या फायबरमध्ये न्यूक्लियस काठाला नसतो, बरोबर मधोमध असतो. हे इतकं खात्रीने होतं की ऑस्ट्रेलियन टायगर स्नेकचं नोटेक्सिन आणि नागांचं कार्डिओटॉक्सिन हे स्नायूच्या आजारांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये मुद्दाम वापरतात, एक इजा हवी जी नक्की बरी होते, ती बघून बरं होणं शिकायचं.

पण यासाठी तीन गोष्टी शाबूत लागतात, फायबर मेल्यावर मागे उरलेली त्याच्या बाहेरच्या आवरणाची रिकामी नळी, मज्जातंतू आणि रक्तवाहिनी. पीएलए-टू या तिघांना फारसं धक्का लावत नाही. मेटॅलोप्रोटिनेज मात्र नळी आणि रक्तवाहिनी दोन्ही मोडतं. म्हणून घोणसच्या किंवा बोथ्रॉप्सच्या अख्ख्या विषाने मेलेल्या उंदराच्या स्नायूत महिन्यानंतर बघावं तर मधे मधे नवे फायबर, बारीक, विखुरलेले, आणि बाकी जागा घट्ट पांढऱ्या तंतुमय ऊतीने आणि चरबीने भरलेली. ती ऊती आकुंचन पावू शकत नाही. एका पेशंटचा पाय सहा महिन्यांत पूर्ण चालायला लागतो आणि दुसऱ्याचा घोटा कायमचा आखडतो, त्यातलं बरंचसं या फरकात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसं सर्पदंशाने मरतात आणि साधारण त्याच्या तिप्पट लोकांचा अवयव जातो किंवा कायमचं अपंगत्व येतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा मोठ्या अभ्यासाचा अंदाज, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. मृत्यूंचा निदान अंदाज तरी निघतो, पण द्राक्षाच्या छाटणीला आता जाता येत नाही म्हणून घरी बसलेल्या माणसाची नोंद कुठे होते.

त्यामुळे सध्या ज्या औषधांवर काम चाललंय त्यातली मला सगळ्यात जवळची वाटतात ती लहान रेणूंची. व्हॅरेस्प्लॅडिब हे पीएलए-टू अडवणारं औषध, मुळात हृदयविकारासाठी बनवलं होतं, तिथे ते चाललं नाही. मग सापांच्या विषावर तपासलं तर कित्येक जातींच्या पीएलए-टूला ते अडवतं असं दिसलं आणि उंदरांमध्ये स्नायूचं नुकसान कमी झालं. ते गोळीच्या रूपात देता येतं, रेणू छोटा असल्याने सुजलेल्या मांसातही शिरतो. भारतात आणि अमेरिकेत साप चावलेल्या माणसांवर त्याची चाचणी झाली, सगळ्या रुग्णांचा मिळून हिशेब केला तर ठळक फायदा सिद्ध झाला नाही, त्यामुळे आज ते सर्पदंशाचं औषध म्हणून मेडिकलमध्ये मिळत नाही. मेटॅलोप्रोटिनेजसाठी मॅरिमास्टॅट आणि जस्त पकडून ठेवणारी औषधं तपासतायत. २०२४ मध्ये सिडनी आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं की आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागांच्या विषाने उंदराच्या कातडीचं जे सडणं होतं ते हेपॅरिनसारख्या औषधाने कमी होतं. पण हे वाचून कुणी घोणसच्या पेशंटला हेपॅरिन द्यायचा विचारही करू नका, तिथे आधीच रक्त गोठत नसतं, ते रक्त पातळ करणारं औषध आहे.

जोवर ही औषधं येत नाहीत तोवर आपल्या हातात जे आहे ते असं. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. सूज जिथपर्यंत आलीये तिथे बॉलपेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहा, वाटेत दर अर्ध्या तासाने नवी रेघ, सूज किती वेगाने चढतेय हे त्यावरून डॉक्टरांना एका नजरेत कळतं. साप मारून आणायच्या फंदात पडू नका. लघवीचा रंग बघा, काळपट तपकिरी दिसली तर लगेच सांगा, कारण फुटलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात येतं आणि ते किडनीत अडकतं, पाय वाचवायच्या गडबडीत किडनी जायला नको. घोणसमध्ये लघवीतून रक्तही जातं, रंगावरून घरी फरक कळत नाही, लॅबमध्ये कळतो, पट्टीवर रक्त दाखवतंय पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशी नाहीत असं दिसलं की मायोग्लोबिनचा संशय घ्यायचा. पाय फार टणक झाला, बोटं बधिर वाटायला लागली, बोट मागे ताणल्यावर असह्य दुखलं तर तेही सांगा, पण रक्त पुन्हा नीट गोठायला लागायच्या आधी, आतला दाब कमी करायला पाय चिरायचा आग्रह घरच्यांनी धरू नये. आणि डिस्चार्जनंतर फिजिओथेरपी सोडू नका, जखम भरली म्हणजे काम संपलं असं समजून बहुतेक जण पुढच्या तारखेला येतच नाहीत, तर स्नायूत नवे फायबर तयार होण्याचे आणि घट्ट ऊती बसण्याचे आठवडे नेमके तेच असतात आणि घोटा रोज हलवला गेला नाही तर तो त्याच स्थितीत आखडतो.